पायाला भिंगरी असलेल्या कोकणी पोरांसाठी: दुबईत काम धरताना आणि तिथे रुळताना

दापोली, मंडणगड, खेड, गुहागर या पट्ट्यात घर सोडून लांब कामाला जाणे कोणाला नवे नाही. गिरण्यांच्या काळात घरटी एक तरी माणूस मुंबईला असे. बाणकोट आणि दाभोळ खाडीकाठच्या गावांतून तर पिढ्यान्‌पिढ्या लोक बोटीवर आणि आखातात जात आले आहेत. पण त्या लोकांच्या मागे माणसे उभी होती. काका तिथे असायचा, मामाच्या ओळखीचा फोरमन असायचा, उतरल्यावर कुठल्या खोलीत बॅग टाकायची हे गावातच ठरलेले असायचे. आता निघणारी बरीच पोरे एकटी निघतात. आंब्याच्या हंगामात बागेत, मग चार महिने गोव्यात हॉटेलात, मग पुण्यात डिलिव्हरी, आणि मग एक दिवस डोक्यात येते की आता समुद्रापलीकडे जाऊन बघू. पोटाइतकीच जग बघायची ओढ त्यांना घराबाहेर काढते. घरचे म्हणतात, हा कुठे टिकायचा नाही. मला त्या ओढीत काही वाईट दिसत नाही. मात्र एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि इथेही तीच मांडतो आहे: ज्याचा पाय एका जागी ठरत नाही, त्याचे कागद इतरांपेक्षा पक्के पाहिजेत, आणि परदेशातले पहिले वर्ष त्याने एकाच नोकरीत काढले पाहिजे. हक्क, शिल्लक आणि ओळखी त्याच वर्षात उभ्या राहतात.

उदाहरण दुबईचे घेतले आहे, कारण मला विचारायला येणारे बहुतेक जण तिथेच निघालेले असतात. यूएईच्या, म्हणजे संयुक्त अरब अमिरातींच्या, इतर अमिरातींतही खासगी नोकरीला कामगार कायदा हाच लागतो. दुबई आणि अबुधाबीतली आर्थिक मुक्त क्षेत्रे आणि घरकामगार यांचे नियम तेवढे वेगळे आहेत.

पहिली पायरी: पासपोर्ट आणि दाखले

साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत होतो, ६० पानी २,००० रुपयांत. फिरायची हौस असेल तर ६० पानीच काढा. अर्ज भरण्याआधी दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग अक्षर न्‌ अक्षर जुळवा. आपल्याकडे शाळेत एक आडनाव, आधारवर दुसरे, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे ‘भाऊ’ असे सर्रास असते. गावात त्याने काही अडत नाही, परदेशात प्रत्येक टेबलावर अडते.

दहावी पास असाल तर त्याचा पुरावा अर्जाला जोडाच. तो नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असे छापून येते. म्हणजे यूएई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहारीन यांच्यासह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होते. दहावी न झालेल्यांनी तिला अडथळा समजू नये. या वाटेने गेलात तर करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही होतो. दोन वर्षांना २७५ रुपये आणि तीन वर्षांना ३७५ रुपये एवढाच त्याचा हप्ता आहे. ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणाऱ्या बाईचे वय ३० पूर्ण असावे लागते, हेही आधीच लक्षात ठेवा. अशा कामगारांसाठी सरकार जाण्याआधी एक दिवसाचे मोफत प्रशिक्षणही घेते. ते चुकवू नका.

पदवी किंवा डिप्लोमावर नोकरी असेल तर प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा शिक्का लागतो. याला वेळ जातो. ऑफर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा राज्याचा टप्पा आधीच उरकून घ्या. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेच्या साइटवरूनच काढता येतो.

दुसरी पायरी: नोकरी, एजंट आणि ऑफर लेटर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचे बहुतेक त्रास इथूनच सुरू होतात.

एजंटकडे भारत सरकारचा परवाना असला पाहिजे आणि त्याचा क्रमांक ई-मायग्रेटवर दिसला पाहिजे. बोर्डावर काय लिहिले आहे, भिंतीवर कोणाबरोबर फोटो लावला आहे, याला काही किंमत नाही. परवान्याचा क्रमांक विचारा आणि त्याच्यासमोर बसूनच मोबाइलवर तपासा. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. मुख्य कार्यालय मुंबईत असेल आणि तालुक्याच्या गावात त्याचा ‘माणूस’ पैसे गोळा करत असेल, तर त्या माणसाच्या हातात काहीही देऊ नका.

आता पैशाचे. आपल्या नियमाप्रमाणे परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. तिकडे यूएईचा २०२१ चा कामगार कायदा, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, मालकाला सांगतो की भरतीचा आणि कामावर घेण्याचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही. मग ‘व्हिसाचे’ म्हणून लाख-दीड लाख मागितले जातात ते कशाचे? त्याला कुठल्याच कायद्यात जागा नाही. आईच्या पाटल्या गहाण टाकून, कलमांची बाग दोन हंगाम खंडाने लिहून देऊन हे पैसे भरणारी घरे मी पाहिली आहेत. पोरगा तिकडे गेल्यावर पहिले वर्षभर ते फेडत राहतो आणि कर्जाच्या भीतीने वाईट नोकरीसुद्धा सोडू शकत नाही.

‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर काम लावून देतो’ असे कोणी म्हटले तर नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर मुलाखत देता येते, काम करता येत नाही. केलेत तर पगार मागायला तुमच्या हातात एकही कागद नसतो. दुसरा सापळा याहून भयानक आहे. थायलंडमध्ये ‘डिजिटल मार्केटिंग’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’ची भरपूर पगाराची नोकरी सांगायची आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारला नेऊन डांबून ऑनलाइन फसवणुकीचे काम करून घ्यायचे, अशी टोळ्यांची रीत आहे. कंबोडिया आणि लाओसच्या नावानेही तेच चालते. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. शंका आली तर परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी सरकारचा मोफत फोन आहे: १८०० ११ ३०९०.

आता ऑफर लेटर. यूएईत खासगी नोकरीची ऑफर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात येते आणि पुढचा करार तिच्याशी जुळावा लागतो. कंपनीच्या लेटरहेडवरचे रंगीत पत्र म्हणजे ते नव्हे. नमुन्यातली ऑफर हातात आल्यावर पगाराचा एकूण आकडा बाजूला ठेवा आणि त्याची फोड बघा. समजा दोन ठिकाणांहून २,००० दिरहमची ऑफर आहे. पहिलीत बेसिक, म्हणजे मूळ पगार, ९०० आणि भत्ते १,१००. दुसरीत बेसिक १,५०० आणि भत्ते ५००. दर महिन्याला हातात तेवढेच येणार, म्हणून पोरे दोन्ही सारख्याच समजतात. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचे बेसिक. पहिल्या ऑफरमध्ये वर्षाला ६३० दिरहम होतात, दुसऱ्यात १,०५०. तीन वर्षांनी १,८९० आणि ३,१५०. ओव्हरटाइमही बेसिकवरच मोजतात, त्यामुळे हॉटेल, वेअरहाउस, सिक्युरिटी अशा जास्त तासांच्या कामात हा फरक दर महिन्याला जाणवतो. बेसिक वाढवून मागायला लाजू नका. सही करण्याआधीच ते जमते.

त्याच कागदावर आणखी काही गोष्टी शोधा. राहायची जागा कंपनीची की तुमची? कामावर न्यायला बस आहे का? जेवण आहे की जेवणाचा भत्ता? परतीचे तिकीट किती वर्षांनी? प्रोबेशन (सुरुवातीचा चाचणीचा काळ) किती महिन्यांचे? सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. हुद्दा काय लिहिला आहे तेही वाचा. ‘वेटर’ म्हणून घेऊन कागदावर ‘क्लीनर’ लिहिले असेल तर पुढची नोकरी शोधताना तोच हुद्दा आडवा येतो. ऑफरचा फोटो काढून आईवडिलांच्या फोनवर आणि ईमेलवर ठेवा.

तिसरी पायरी: बॅग

घरून बॅग भरली जाते ती प्रेमाने, आणि नेमकी तिथेच एक धोक्याची गोष्ट आत जाते: खसखस. यूएईत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे आणि तिथे अमली पदार्थांचा कायदा फार कडक आहे. थोडीशीच होती, घरगुती होती, हे सांगून उपयोग होत नाही. आता आपल्या घरात ती कशाकशात असते ते आठवा. अनारशाला खालून लावलेली, करंजीच्या सारणात भाजून घातलेली, डिंकाच्या लाडवात, आणि कित्येक घरांच्या वर्षाच्या मसाल्यात. तेव्हा दिवाळीचा फराळ आणि मसाला देताना आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना तोंडाने विचारा: ‘यात खसखस आहे का?’ नक्की सांगता येत नसेल तर तो डबा घरीच ठेवा. दुसऱ्या कोणाचे पार्सल नेत असाल तर ते तुमच्यासमोर उघडून भरायला सांगा. नातेवाइकाला राग आला तरी चालेल.

विड्याची पाने आणि गुटखाही नेऊ नका. औषधांत कोडीन असलेले खोकल्याचे सिरप, ट्रामाडॉल, झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या यांवर नियंत्रण आहे. अशी औषधे चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि यूएईच्या आरोग्य मंत्रालयाची ऑनलाइन परवानगी आधी घ्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चढू देत नाहीत. त्यात तेल असते आणि ते पेट घेणारे समजले जाते.

आमसुले, कुळथाचे पीठ, तिरफळ, खसखस नसलेला मसाला आणि घट्ट झाकणाचे लोणचे सामानाच्या बॅगेतून न्या. मासळीची काळजी करू नका. दुबईच्या देरा भागातल्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये ताजी आणि सुकी दोन्ही मिळते. आपली सुरमई तिथे कनाद म्हणून मागा.

एक काम मात्र निघण्याच्या आठवड्यात घरी बसून करायचे आहे. यूएईत व्हॉट्सअॅपवरून मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. तिथे बोटिम हे अॅप लोक वापरतात. ते आईच्या, आजीच्या फोनमध्ये घालून द्या, दोन-तीनदा कॉल लावून घ्या आणि फोन कसा उचलायचा ते त्यांच्या हातून करून बघा. वाडीत रेंज कुठे येते हेही ठरवून ठेवा, पडवीत की विहिरीजवळ. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

चौथी पायरी: निघणे

पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावते आणि घाटात दरड आली तर रस्ताही बंद होतो. जून ते ऑक्टोबरमध्ये विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करा. व्हिसा, ऑफर लेटर, शिक्षणाचे दाखले आणि विम्याचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा.

पाचवी पायरी: पहिले काही आठवडे

नोकरीच्या प्रवेश परवान्यावर उतरल्यानंतर रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्सरे होतो, मग एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे. पूर्वी पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर असे. २०२२ पासून एमिरेट्स आयडी हाच रहिवासाचा पुरावा आहे. एचआयव्ही किंवा सक्रिय क्षयरोग निघाला तर रहिवास मिळत नाही. म्हणून आधी कधी क्षयाचे उपचार झाले असतील तर एक्सरे आणि डॉक्टरांचा सल्ला गावाकडेच घ्या, पैसे भरण्याआधी.

नोंदणीच्या कामासाठी पासपोर्ट कंपनीकडे द्यावा लागतो. काम झाले की परत मागा. कामगाराचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र ठेवून घेणे मालकाला कायद्याने मना आहे. नम्रपणे, लेखी मागा: ‘साहेब, व्हिसाचे काम झाले, माझा पासपोर्ट मिळावा.’ हा मेसेज पुढे पुरावा होतो.

पगार वेज प्रोटेक्शन सिस्टिममधून, म्हणजे बँक खात्यात किंवा पगाराच्या कार्डावर आला पाहिजे. यूएईने ही व्यवस्था २००९ मध्ये आणली आणि पगार वेळेवर गेला की नाही हे सरकारला तिच्यातून दिसते. कोणी रोख देऊन वहीवर सही घेत असेल तर ती धोक्याची खूण समजा. नोकरी गेल्यास थोडे दिवस आधार देणारा बेरोजगारी विमा जानेवारी २०२३ पासून सक्तीचा आहे. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिना ५ दिरहम, आणि न काढल्यास ४०० दिरहम दंड. कंपनी काढेल असे धरून बसू नका, स्वतः बघा.

सहावी पायरी: खोली

कंपनीची जागा नसेल तर सुरुवात बेड स्पेसने होते. देरा, बर दुबई, करामा, सतवा किंवा शारजाच्या बाजूला एका खोलीत चार-सहा जण, दुमजली खाट, खाटेला चादरीचा पडदा, फ्रिजमध्ये नाव चिकटवलेला एक कप्पा, आणि सकाळी बाथरूमच्या वेळा ठरलेल्या. अंगणात आणि पडवीत वाढलेल्या पोराला पहिले दोन महिने हे जड जाते. ते बोलून दाखवावे, मनात साठवू नये.

जागा घेताना एवढे पाहा: मूळ भाडेकरूच्या करारात, ज्याला दुबईत इजारी म्हणतात, तुमचे नाव राहणाऱ्यांत नोंदवले जाणार आहे का? हॉलमध्ये लाकडी पार्टिशन घालून केलेल्या कोंदट खोल्या पालिका तोडते आणि त्या आगीच्या दृष्टीने धोक्याच्या असतात. बाहेर पडायचा दुसरा मार्ग दिसत नसेल तर स्वस्त असली तरी सोडा. डिपॉझिटची पावती घ्या. भाषेपेक्षा शिफ्ट जुळणारे सोबती शोधा. रात्रपाळी करणाऱ्याच्या खोलीत सकाळी सगळे भांडी वाजवत असतील तर महिन्याभरात तब्येत बिघडते. मेसचा डबा सुरुवातीला बरा, पण रविवारी दोघा-तिघांनी मिळून भात आणि माशाची आमटी करायला लागा. खोलीतली ओळख तिथूनच होते.

सातवी पायरी: काम आणि हक्क

दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. रमजानमध्ये रोज दोन तास कमी, आणि हे रोजा न धरणाऱ्यालाही लागू आहे. जादा तासांना बेसिकवर किमान २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ दरम्यान ५० टक्के जास्त. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना रात्रीचा वाढीव दर मात्र लागत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घेता येत नाही. प्रोबेशननंतर आजारपणाची रजा वर्षाला ९० दिवसांपर्यंत मिळते: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० अर्धा, उरलेले बिनपगारी.

वर्ष झाले की ३० दिवसांची पगारी रजा. सहा महिने ते वर्ष या काळात महिन्याला दोन दिवस. म्हणजे पहिले गणपती किंवा पहिला शिमगा बहुतेकांचा हुकणार. हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर पालखी दारात यायच्या दिवशी आई रडते आणि इकडे तुमचे मन उडते. दुसऱ्या वर्षाची रजा मात्र नोकरीला लागल्यावर लवकर लेखी मागून ठेवा, कारण गणपतीत रजा हवी असणारे तुम्ही एकटे नसता.

रोजचे कामाचे तास स्वतःच्या वहीत लिहा. तारीख, कधी आलो, कधी सुटलो, सुपरवायझर कोण. ओव्हरटाइमचा वाद झाला तर ही वही खूप मोलाची ठरते. तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाच्या अॅपवरून करता येते. ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यात मंत्रालय स्वतः निकाल देते, आणि नोकरी संपल्यावर दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो. हिंदीत बोलायचे असेल तर भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत फोन ८०० ४६३४२ आहे.

आठवी पायरी: घरी पैसे

नोकरीसाठी बाहेर गेलात की गावातले बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचे भारतातल्या पैशांसाठीचे खाते, करून घ्यावे लागते. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खाते उघडा. त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही आणि पैसे पुन्हा परदेशात नेता येतात. यूएईच्या मोबाइल नंबरवरूनही ही खाती यूपीआयला जोडता येतात. एक्स्चेंजमध्ये दर आणि शुल्क दोन्ही विचारून पैसे पाठवा. हवालाने पाठवू नका, कितीही ओळखीचा असला तरी.

घरच्यांना पहिल्या महिन्यात मोठा आकडा कबूल करू नका. पहिले तीन महिने अर्धा पगार तिथेच बाजूला पडू दे. परतीच्या तिकिटाएवढे पैसे कायम हाताशी असले की वाईट मालकापुढे मान तुकवावी लागत नाही. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनचे फोन पगार सुरू झाल्याबरोबर येतात. कर्ज थकले तर देश सोडायला बंदी लागू शकते, म्हणून पहिल्या वर्षी कुठलेच कर्ज घेऊ नका.

आणि वर्गणी. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा मंडळासाठी तिकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पैसे गोळा करायची आपली सवय आहे. यूएईत परवान्याशिवाय देणगी गोळा करणे गुन्हा आहे. तुमचे स्वतःचे पैसे तुम्ही तुमच्या खात्यावरून गावी द्या, तिकडे दुसऱ्यांकडून गोळा करू नका.

नववी पायरी: फिरणे

ज्यासाठी घर सोडले तेही झाले पाहिजे. पहिल्या सुट्टीच्या दिवशी देऱ्याहून बर दुबईला अब्राने, म्हणजे तिथल्या लाकडी होडीने, खाडी ओलांडा, एक दिरहम पडतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने वाढलेल्याला खाडीवरचा वारा आणि धक्क्याला लागलेली लाकडी गलबते बघून बरे वाटते. नंतर नोल हे प्रवासाचे कार्ड घेऊन मेट्रो आणि बस शिकून घ्या. मेट्रोत काही खाल्ले-प्यायले तर १०० दिरहम दंड आहे. युनियन स्थानकातून फुजैराला बस जाते. ती बाजू ओमानच्या आखाताची, तिथे उघडे तपकिरी डोंगर समुद्रापर्यंत आलेले आहेत. खोर फक्कानही त्याच किनाऱ्यावर आहे. थंडीत, नोव्हेंबर ते मार्च, तिकडे जाण्यात मजा आहे.

यूएईचा रहिवास असलेल्या भारतीयांना जॉर्जियात पर्यटनाला वेगळा व्हिसा लागत नाही. वर्षाच्या रजेतले पाच दिवस तिकडे देता येतात. निघण्याआधी त्या देशाचा ताजा नियम पाहून घ्या. सलग सहा महिन्यांहून जास्त यूएईबाहेर राहिलात तर रहिवास रद्द होतो.

रील काढणाऱ्यांनी जपून राहावे. परवानगीशिवाय कोणाचा फोटो किंवा व्हिडिओ घेणे तिथे गुन्हा आहे, आणि सरकारी इमारती, विमानतळाची सुरक्षा अशा जागी कॅमेरा बंदच ठेवावा. पैसे घेऊन जाहिरात करायची तर परवाना लागतो. व्हॉट्सअॅपवर शिवी दिली तरी पोलीस तक्रार होऊ शकते. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याकडे काम करून चार पैसे मिळवावेत असे वाटेल, पण मंत्रालयाच्या पार्टटाइम परवान्याशिवाय ते करू नका.

दहावी पायरी: नोकरी बदलणे किंवा परतणे

चौथ्या-पाचव्या महिन्यात पाय शिवशिवायला लागतात, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिले आहे की त्याची तयारी आधीच ठेवावी असे सांगतो. प्रोबेशनमध्ये सोडून यूएईतच दुसरीकडे जायचे असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि पहिल्या मालकाचा भरतीखर्च नव्या मालकाला भरावा लागतो. म्हणून नवे लोक तुम्हाला घ्यायला कचरतात. देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची नोटीस पुरते. काहीच न सांगता निघून गेलात तर एक वर्ष तिथला कामाचा परवाना मिळत नाही. आणि ग्रॅच्युइटी मिळायला सलग एक वर्ष पूर्ण व्हावे लागते. अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याला त्यातला एक दिरहमही मिळत नाही.

पगारच थकला असेल, मारहाण होत असेल, करारात नसलेले काम करून घेत असतील तर मात्र वर्षाची वाट बघत बसू नका. आधी तक्रार नोंदवा, मग जागा सोडा. हा क्रम उलटा झाला तर तुम्हीच पळून गेलात असे मालक दाखवू शकतो.

वर्ष झाल्यावर निघायचे ठरले की राजीनामा लेखी द्या, करारात लिहिलेली नोटीस भरा आणि हिशेब स्वतः मांडून ठेवा: उरलेला पगार, न घेतलेली रजा, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी. मालकाने करार संपल्यापासून १४ दिवसांत हे सगळे द्यायचे असते. व्हिसा रद्द करताना एक कागद पुढे येतो, त्यावर ‘माझे सर्व येणे मिळाले’ असे लिहिलेले असते. घाई केली जाते, विमानाची वेळ दाखवली जाते. खात्यात पैसे आल्याचा मेसेज मोबाइलवर दिसेपर्यंत त्यावर सही करू नका. अनुभवाचे पत्र मात्र तिथेच मागून घ्या, हुद्दा आणि तारखा बरोबर आहेत ना ते वाचून.